वाढत्या वृद्धसंख्येची तयारी सरकारने कुठून सुरू करावी?

मी घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करते, म्हणून सांगते: आधी सांभाळणाऱ्यांचा विचार करा. लोक कमावते असतानाच शुश्रूषा विम्याचा हप्ता घ्या. जर्मनीने असा विमा १९९५ मध्ये आणला, जपानने २००० मध्ये. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. त्या पैशातून प्रशिक्षित मदतनीस घरी पाठवा, त्यांना नीट पगार द्या. अंथरुणाला खिळलेल्या आईला एकटीने उचलणाऱ्या मुलीला अधूनमधून सुटी मिळालीच पाहिजे. तिची पाठ गेली की दोघींना सांभाळावं लागतं. निवृत्तीचं वय डेन्मार्कसारखं आयुर्मानाशी जोडा, पण अंगमेहनत करणाऱ्यांना लवकर मोकळं करा. पडून खुबा मोडला की अनेकांचं चालणं कायमचं मंदावतं, तेव्हा न्हाणीघरात धरायला दांडे बसवण्यासाठी अनुदान द्या, आणि तेही कुणी पडण्याआधी.