पूलमधील अवघड शॉट आणि एका मिलिमीटरचा हिशेब

पूलच्या टेबलावर अवघड शॉट हुकला की बहुतेक खेळाडू तोच शॉट पुन्हा मांडतात, आधीपेक्षा जोरात मारून पाहतात आणि आठ-दहा वेळा हुकल्यावर हा शॉट आपल्याला बसत नाही असे ठरवून मोकळे होतात. मीही कित्येक वर्षे हेच करत होतो. पुण्यातील ज्या पार्लरमध्ये मी खेळायला शिकलो, तेथील वयस्कर मार्करांनी, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्यांनी, एकदा मला एवढेच विचारले होते की बॉल जाड लागला (समोरच्या बॉलच्या मध्याकडे) की पातळ (त्याच्या कडेकडे). मला उत्तर देता आले नाही, कारण हुकलेला बॉल पॉकेटच्या कोणत्या बाजूला आपटला हेसुद्धा मी पाहिले नव्हते. चूक कोणत्या बाजूची होती हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तो शॉट शंभर वेळा मारला तरी त्यात सुधारणा होत नाही, अशी आता माझी पक्की धारणा आहे आणि पुढे जे सांगणार आहे ते सर्व तिच्यावरच आधारलेले आहे.

प्रथम चुकीचे माप समजून घ्यावे. पूलचे सर्व बॉल सारख्याच, म्हणजे 57.15 मिलिमीटर व्यासाचे असतात. सरळ शॉटमध्ये पांढरा बॉल ठरलेल्या जागेपासून एक मिलिमीटर बाजूला लागला, तर समोरच्या बॉलची दिशा जवळजवळ एक अंशाने बदलते. नऊ फुटी टेबलाचा खेळण्याचा भाग 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद असतो. त्याच्या मधोमध ठेवलेला बॉल कोपऱ्यातील पॉकेटपासून सुमारे 142 सेंटिमीटर लांब असतो आणि एवढ्या अंतरावर एक अंश म्हणजे सुमारे 25 मिलिमीटर. कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड साडेचार इंचांच्या आसपास असल्यामुळे बॉलला मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम 28 मिलिमीटर सरकायला मिळतात. म्हणजेच या शॉटमध्ये एक मिलिमीटरची चूक कशीबशी खपते, दीड मिलिमीटरची बहुधा खपत नाही. कट, म्हणजे समोरच्या बॉलला तिरपे वळवणारा शॉट, जसजसा बारीक होतो तसतसा हा हिशेब अधिक कडक होतो आणि 60 अंशांच्या कटला त्याच एका मिलिमीटरची किंमत दोन अंश होते.

शॉट हुकण्यामागे दोन अगदी वेगळ्या चुका असू शकतात. नेम चुकीच्या जागी धरलेला असतो, किंवा नेम बरोबर असूनही क्यू, म्हणजे मारण्याची काठी, सरळ जात नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकीवर दुसरीचा उपाय केला तर खेळ बिघडतो. क्यू वाकडा चालवणारा खेळाडू नकळत नेमच वाकडा धरू लागतो आणि मग जवळचे शॉट बसतात, लांबचे मात्र कधीच बसत नाहीत. म्हणून अवघड शॉटच्या सरावाआधी क्यूची चाल तपासणे आवश्यक आहे.

ही तपासणी घरीही करता येते. जेवणाच्या टेबलावर सोड्याची रिकामी काचेची बाटली आडवी ठेवावी, ती गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना फडके दुमडून लावावे आणि नेहमीप्रमाणे ब्रिज करून, म्हणजे पुढच्या हाताच्या बोटांवर क्यू टेकवून, त्याचे टोक बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर न्यावे. तोंड टिपेपेक्षा, म्हणजे क्यूच्या टोकावरील चामड्याच्या टोपीपेक्षा, थोडेच मोठे असल्यामुळे हात जरा वळला तरी काच वाजते. सलग वीस वेळा आवाज न होता क्यू आत-बाहेर झाला पाहिजे. पार्लरमध्ये दुसरी चाचणी घ्यावी: पांढरा बॉल टेबलाच्या लांबीच्या मध्यरेषेवर ठेवून समोरच्या कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेच्या, बरोबर मध्यावर मारावा आणि क्यू जिथल्या तिथे थांबवून बॉल परत येऊन टिपेला लागतो का ते पाहावे. तो दरवेळी एकाच बाजूला येत असेल तर बहुधा मूठ शेवटच्या क्षणी आवळली जात असते, किंवा डोके उचलले जात असते. मूठ आवळली की मनगट आत वळते. क्यूचा भार बोटांवर हलका पेलावा आणि बॉल पॉकेटमध्ये पडेपर्यंत हनुवटी जागची हलवू नये.

यानंतर लांबचा सरळ शॉट घ्यावा, कारण तो दिसायला सोपा असला तरी सर्वांत प्रामाणिक परीक्षक आहे. एक बॉल टेबलाच्या मधोमध ठेवावा, पांढरा बॉल पॉकेटच्या त्याच तिरप्या रेषेवर सुमारे एक मीटर मागे ठेवावा आणि मध्याच्या किंचित खाली असा मारावा की समोरच्या बॉलला लागताच पांढरा जागीच थांबेल. आता पॉकेटकडे न पाहता पांढऱ्याकडे पाहावे. तो उजवीकडे सरकला तर तो समोरच्या बॉलच्या उजव्या अंगाला लागला होता. तो जागीच उभा राहून भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर टिप मध्यावर लागलेली नाही. वरून पाहता तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल तर टिप उजवीकडे लागली, घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर डावीकडे. पांढऱ्या बॉलवरची फिरकी डोळ्यांना नीट दिसत नसेल तर 9 ते 15 यांपैकी एखादा पट्ट्याचा बॉल पांढऱ्याच्या जागी वापरावा आणि त्याचा पट्टा नेमाच्या रेषेत उभा लावावा. साइड, म्हणजे टिप मध्याच्या डावी-उजवीकडे लागल्याने येणारी फिरकी, न लागता बॉल गेला तर पट्टा रेषेतच फिरत राहतो, आणि लागली तर लगेच डुलू लागतो. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मी मध्यावर मारतो असे जे मला वाटत होते, ते मी जवळजवळ प्रत्येक शॉटला किंचित उजवीकडे मारत होतो असे निघाले.

बारीक कटाची अडचण क्यूपेक्षा डोळ्यांची जास्त असते. पांढरा बॉल समोरच्या बॉलला निम्मा झाकेल अशा बेताने लागला तर 30 अंशांचा कट होतो आणि त्या वेळी क्यूची रेषा समोरच्या बॉलच्या बरोबर कडेवरून जाते. त्याहून बारीक कट हवा असेल तर क्यू बॉलकडे नव्हे, तर बॉलच्या बाहेर, रिकाम्या कापडाकडे रोखावा लागतो. हे मनाला पटत नाही. नजर बॉलकडे ओढली जाते, तिच्यामागे क्यू जातो आणि बॉल जाड लागतो. त्यात भर म्हणजे दोन बॉल एकमेकांना घासतात तेव्हा त्या घर्षणामुळे समोरचा बॉल पांढऱ्याच्या दिशेने थोडा ओढला जातो, म्हणजे तोही जाडच लागल्यासारखा जातो. हळू मारलेल्या शॉटमध्ये आणि मळलेल्या बॉलवर ही ओढ अधिक जाणवते. आपल्याकडे कॅरम खेळत मोठे झालेल्यांना कटाची रेषा पटकन दिसते हे खरे, परंतु तेथे स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो आणि येथे दोन्ही बॉल सारखे असतात, त्यामुळे कॅरमवरचा अंदाज जसाच्या तसा येथे लावता येत नाही.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय असा आहे. जो बॉल पॉकेट करायचा आहे, त्याला मागून चिकटवून दुसरा एक बॉल असा ठेवावा की दोन्हींचे मध्य आणि पॉकेट एका रेषेत येतील. हा मागचा बॉल म्हणजे पांढऱ्याने पोहोचण्याची जागा. आता पांढऱ्याच्या मागे उभे राहून त्या बॉलचा मध्य आणि त्याचा कापडाला टेकलेला बिंदू नीट पाहून घ्यावा, मग तो उचलावा आणि लगेच वाकून त्याच रिकाम्या बिंदूवर पांढरा पाठवावा. नेम उभे राहूनच ठरवावा. वाकल्यानंतर तो बदलावासा वाटला तर उठून पुन्हा उभे राहावे, वाकलेल्या स्थितीत क्यू सरकवू नये.

कुशनला चिकटलेला बॉल कुशनच्या कडेने पॉकेटमध्ये न्यायचा असेल तेव्हा पांढऱ्या बॉलची गाठ तो बॉल आणि कुशन या दोन्हींशी एकाच क्षणी पडावी, असे सांगितले जाते. ते बरोबरच आहे, परंतु चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी हे त्यातून कळत नाही. बॉल आधी लागला तर तो कुशनमध्ये दाबला जाऊन बाहेर उसळतो आणि शॉट गेलाच. पांढरा केसभर आधी कुशनला लागला तर कुशन किंचित दबते आणि तो बॉलच्या मागे येऊन त्याला कडेनेच ढकलतो. म्हणून नेम कुशनकडे झुकता ठेवावा, बॉल ज्या दिशेला जायचा आहे त्या बाजूची थोडी साइड द्यावी आणि वेग कमी ठेवावा, कारण कडेने जोरात आलेला बॉल पॉकेटच्या जबड्यावर आपटून परत येतो, तर हळू आलेला तोच बॉल आत पडतो.

पांढरा बॉल स्वतःच कुशनला चिकटलेला असतो, तेव्हाचा शॉट मात्र मला आजही या सर्वांत अवघड वाटतो आणि त्याचे कारण मोजून दाखवता येते. कुशनची धार बॉलच्या उंचीच्या सुमारे 63.5 टक्क्यांवर, म्हणजे कापडापासून 36 मिलिमीटरवर असते. बॉलचा मध्य त्याखाली, साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटरवर राहतो, म्हणजे तो आपल्याला मिळतच नाही. वरच्या बाजूला मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 43 मिलिमीटरच्या वर मारले तर टिप घसरते. राहिली सहा-सात मिलिमीटरची पट्टी, आणि टिपेला स्वतःची जाडी असल्यामुळे प्रत्यक्षात तीही पूर्ण वापरता येत नाही. अशा जागी जोर काढण्याचा मोह आवरलाच पाहिजे.

बोटे कुशनच्या लाकडी काठावर सपाट पसरावीत आणि क्यू अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये काठाला जवळजवळ टेकून सरकू द्यावा. मागचा हात नेहमीपेक्षा वीतभर पुढे धरावा, म्हणजे क्यू मागे फार जाणार नाही. सात-आठ सेंटिमीटरची ओढ पुरते. क्यूचे मागचे टोक टिपेला मोकळीक मिळेल एवढेच उचलावे, कारण क्यू उभा होऊ लागला की अजाणता लागलेली थोडीशी साइडही पांढऱ्याला वळवते. साइड मुळीच देऊ नये. शॉटआधी टिपेच्या कडांनाही चॉक लागला आहे याची खात्री करावी, कारण अनेकजण चॉक फक्त मध्यावर घासतात आणि या शॉटमध्ये टिपेची खालची कडच बॉलला लागते. अशा शॉटनंतर पांढरा बॉल पुढेच धावणार हेही गृहीत धरावे. येथून स्क्रू करून, म्हणजे उलटी फिरकी देऊन, मागे आणण्याचा विचार सोडून द्यावा आणि पांढरा पुढे कुठे जाईल याचाच हिशेब आधी करावा. सरावासाठी पांढरा आखूड कुशनच्या मध्यावर चिकटवून समोरच्या बाजूच्या कोपऱ्यातील पॉकेटपासून एका खुणेइतक्या अंतरावर बॉल ठेवावा आणि तो जमू लागला की बॉल एकेक खूण अलीकडे आणावा. लाकडी काठावरच्या या खुणा लांबीला आठ आणि रुंदीला चार भाग करतात. नऊ फुटी टेबलावर प्रत्येक भाग साडेबारा इंचांचा असतो.

डबल, म्हणजे कुशनवर आपटून पॉकेटमध्ये नेण्याचा शॉट, याविषयी थोडक्यात सांगतो. ज्या कोनाने बॉल कुशनला लागतो त्याच कोनाने तो बाहेर येतो, हा नियम केवळ सुरुवातीपुरता धरावा. जोरात मारल्यास कुशन अधिक दबते आणि बॉल अपेक्षेपेक्षा अरुंद कोनात परत येतो. हळू गडगडत गेलेला बॉल रुंद कोनात जातो. म्हणून डबलचा सराव एकाच मध्यम वेगाने करावा आणि सामन्यातही तोच वेग वापरावा. पावसाळ्यात एसी नसलेल्या पार्लरमध्ये कापड दमट होऊन बॉल जड चालतात, तेव्हा खेळ सुरू करण्यापूर्वी दोन-तीन डबल मारून त्या दिवशीचे कुशन कसे आहे ते पाहून घ्यावे. प्लांट, म्हणजे एका बॉलने दुसरा बॉल पॉकेट करण्याचा शॉट, मारताना मधला बॉल जिथे जायला हवा तेच आपले पॉकेट मानावे, आणि दोन बॉलमध्ये हातभर अंतर असेल तर तो शॉट सोडून पांढरा लपवून ठेवावा, असे माझे मत आहे. मध्ये उभ्या असलेल्या बॉलवरून ब्रिज करावा लागला तर चारही बोटांची टोके घट्ट रोवावीत आणि पांढऱ्याच्या मध्यावर, शक्य तितक्या हळू मारावे.

सरावाला तासाच्या भाड्यातील पहिला अर्धा तास राखून ठेवावा, कारण सामना सुरू झाल्यावर सराव होत नाही. एका बैठकीत एकच शॉट घ्यावा. बॉलच्या जागा काठावरच्या खुणांवरून ठरवाव्यात; कापडावर चॉकने खुणा करू नयेत, त्याने कापड खराब होते आणि टेबल सांभाळणाऱ्या माणसाचे काम वाढते. दहा प्रयत्न करावेत आणि प्रत्येक प्रयत्नानंतर आत, जाड किंवा पातळ एवढा एकच शब्द वहीत लिहावा. दहांत तीनपेक्षा कमी बसले तर पांढरा एक खूण जवळ आणावा, सातपेक्षा अधिक बसले तर एक खूण लांब न्यावा. माझ्या वहीत डाव्या हाताच्या बारीक कटासमोर गेल्या तीन आठवड्यांत आत 3, जाड 6, पातळ 1 आणि आत 4, जाड 6, पातळ 0 अशाच नोंदी पडल्या आहेत. म्हणून येत्या शनिवारी तो कट आहे त्याच अंतरावरून, परंतु रिकाम्या कापडावरचा बिंदू आणखी दोन मिलिमीटर बाहेर धरून मारणार आहे.