अकूस्टिक न्यूरोमाच्या शस्त्रक्रियेनंतर योगाभ्यासाने तोल कसा सावरावा

अकूस्टिक न्यूरोमाची गाठ कर्करोगाची नसते. आंतरकर्णाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेवरच्या आवरणातून ती वाढते. गाठ काढताना बहुधा ती नसही जाते, आणि मग एका कानाकडून येणारी तोलाची खबर कायमची बंद होते. ती नस पुन्हा उगवत नाही. तरीही माणसं पुन्हा नीट चालू लागतात, कारण दुसरा कान, डोळे आणि तळपाय-सांध्यांकडून येणाऱ्या जाणिवा यांच्यावर मेंदू नवा हिशेब बसवतो. हा हिशेब पडून राहून बसत नाही. थोडं डगमगावं लागतं, तेव्हाच मेंदूला चूक कळते आणि तो ती दुरुस्त करतो. म्हणून अभ्यासात थोडी गरगर होणारच, तिला घाबरून थांबू नका. मोजमाप एवढंच ठेवा: अभ्यासानंतर पाव तासात गरगर ओसरली तर मात्रा योग्य. तासन्‌तास रेंगाळली तर उद्या निम्मंच करा.

आधी सर्जनची परवानगी घ्या. जखम आतून भरेपर्यंत मेंदूभोवतालचं पाणी झिरपण्याचा धोका असतो. त्यामुळे डोकं खाली जाणारी आसनं (पादहस्तासन, अधोमुख श्वानासन, हलासन, सर्वांगासन, शीर्षासन), जोराची कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखणारा कुंभक आणि जलनेती त्यांच्या स्पष्ट होकाराशिवाय करायची नाहीत. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा स्राव आला, घशात खारट चव जाणवली, ताप आला किंवा डोकं असह्य दुखू लागलं, तर लगेच डॉक्टरांना गाठा. तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतील तर हा क्रम त्यांना दाखवा.

जागा निवडा खोलीच्या कोपऱ्यात. पाठीमागे दोन भिंती, समोर न सरकणारी खुर्ची, पाय अनवाणी. सुरुवातीला जवळ कुणीतरी हवंच. त्यांनी ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला उभं राहावं, नाहीतर सूचना ऐकायला मान वळवताना तोल जातो.

पहिला अभ्यास बसून, नजरेचा. हातभर अंतरावर भिंतीवर एक मोठं अक्षर चिकटवा. नजर अक्षरावर ठेवून मान सावकाश डावी-उजवीकडे वळवा, मग वर-खाली. अक्षर पुसट झालं की वेग कमी करा. अर्धा मिनिट पुरे, हळूहळू एक मिनिट. हा व्यायाम कंटाळवाणा वाटतो आणि लोक नेमका हाच गाळतात. माझ्या मते सगळ्या आसनांच्या आधी याचाच मान आहे, कारण डोकं हलताना नजर स्थिर राहिली नाही तर चालताना समोरचं सगळंच हलतं.

मग ताडासन, पण टाचा न उचलता. पावलांत खांद्याएवढं अंतर ठेवा. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्हीकडे भार जाणवतो का पाहा. घोट्यातून किंचित पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुला. श्वास चालू ठेवा. तोल जाऊ लागला की श्वास नकळत रोखला जातो. हे जमलं की पावलं जुळवा, त्यानंतर एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभे राहा.

वृक्षासन घाईने करू नका. आधी एका पायाची टाच दुसऱ्या घोट्याला टेकवा, बोटं जमिनीवरच. मग पाऊल पोटरीपर्यंत. हात जोडण्याऐवजी दोन बोटं खुर्चीला, मग एक बोट, मग नुसता हात जवळ. 10 सेकंदही चालतील.

पुढची पायरी डोळे मिटण्याची. नजरेचा आधार काढल्यावर तळपाय आणि उरलेल्या कानाला काम करावंच लागतं. आधी जुळवलेल्या पावलांवर, पाच श्वास. घडी घातलेल्या घोंगडीवर उभं राहणं याहून अवघड, ते त्यानंतर. चेहऱ्याची नस दुखावली असेल आणि पापणी पूर्ण मिटत नसेल, तर डोळ्यांचे थेंब घालून मगच अभ्यास करा. पापणी न लववता करायचं त्राटक अशा वेळी वर्ज्य. बुबुळ कोरडं पडून इजा होते.

शेवटी चाला. सुरुवातीला पावलं बहुधा ऑपरेशन झालेल्या बाजूला ओढली जातात, म्हणून भिंत त्या बाजूला राहू द्या. सरळ चालणं जमलं की चालता चालता मान वळवा.

शवासनात डोक्याखाली उशी घ्या. उठताना आधी कुशीवर, मग बसा, गरगर थांबली की उभे राहा. या वेळी कुंभकाशिवाय सावकाश अनुलोम-विलोम करता येतो. नाक चोंदलेलं असेल तर जोर लावू नका.

दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा तीनदा दहा-दहा मिनिटं करा. प्रगती आठवड्या-महिन्यांनी मोजावी लागते. थकवा, अपुरी झोप किंवा सर्दी-ताप असला की सुधारलेला तोलही काही दिवस बिघडतो. तेव्हा दोन पायऱ्या मागे येऊन पुन्हा सुरू करा. आणि अंधारात डोळ्यांचा आधार जातो, त्यामुळे न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर दिवा राहू द्या.