कादंबरीचा शेवट ‘बोगस’ ठरवताना या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर आमचा पाच-सहा जणांचा वाचनगट बसतो. सगळी अकरावी-बारावीची पोरं, वयानं मोठी मी एकटीच. मागच्या महिन्यात एकीनं पुस्तक भेळेच्या कागदाशेजारी आपटलं. “रात्री दोनपर्यंत जागलो की ताई मी! आणि ती दोघं एकत्र येतच न्हाईत. बोगस शेवट.”

सगळ्यात जास्त होणारी चूक ती हीच. आपल्या मनासारखं झालं नाही, म्हणजे शेवट फसला. मी तिला पहिली वीस पानं पुन्हा चाळायला लावली. नायिकेला तिथं काय हवंय? तो मुलगा तर चाळिसाव्या पानावर उगवतो. तिला शिकायला गावाबाहेर पडायचं होतं, आणि शेवटच्या पानावर ती एसटीत बसलेली आहे, मांडीवर पत्र्याची पेटी. “मग बरोबर हाय म्हणायचं,” पोरगी म्हणाली, तोंड वाकडं करूनच. असू दे. शेवट पटणं वेगळं, आवडणं वेगळं.

जोडी जमवायचा हट्ट जुनाच आहे. लुईझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८ मध्ये आला, तेव्हाही मुली पत्रांतून विचारत होत्या, कुणाचं लग्न कुणाशी? नायिका ‘जो’ आणि तिचा शेजारी मित्र लॉरी यांचं लग्न लावायला लेखिकेनं साफ नकार दिला. पण जोला बिनलग्नाची ठेवायची तिची इच्छाही राहिलीच. वयानं मोठा एक प्राध्यापक आणून तिनं वाचकांची समजूत घातली. मला तो प्राध्यापक आजही चिकटवल्यासारखा वाटतो.

उलटी चूक म्हणजे रडू आलं म्हणून शेवट भारी. शेवटच्या दहा पानांत कुणाला तरी मारलं की रडू येतंच. त्या मरणानं मागे राहिलेल्यांपैकी कुणी वेगळं वागायला लागतं का, ते शोधा.

गुंता कुणी सोडवला, हे तर बघायलाच हवं. ऐनवेळी मामा, हेडमास्तर नाहीतर कलेक्टर येऊन सगळं मार्गी लावत असतील, तर सोळा वर्षांच्या पोराची गोष्ट मोठ्यांनी पळवली. निर्णय त्याचा हवा, चुकला तरी चालेल.

मोकळा शेवट म्हणजे अर्धवट नव्हे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त जोशीला आवडणारी शिरोडकर गाव सोडून जाते, जोशी मागे राहतो. तरी पुस्तक पुरं वाटतं, कारण ते नववीच्या वर्षाचं होतं आणि ते वर्ष संपलेलं असतं. मालिकेतल्या पहिल्या भागाला मात्र थोडी सूट द्या. त्यात उभा केलेला एक प्रश्न तरी त्याच भागात सुटला, तर पुढचा भाग आणायला हरकत नाही.

आणि रात्री दोनला पुस्तक मिटल्या मिटल्या ग्रुपवर मत टाकू नका. नायिकेला काय हवंय ते सुरुवातीलाच एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा, दोन दिवसांनी काढून बघा. चिठ्ठीच बरं का. पुस्तक १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरातलं असेल, तर पानांवर पेन्सिल चालवू नका.