स्पितीला गाडीने जाताय? किन्नौरकडून चढा, मनालीकडे उतरा

मनालीहून काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, जेमतेम दोनशे किमी, एका दिवसात पोचता येतं, आणि म्हणूनच बरेच जण तिकडूनच घुसतात आणि मग पहिली रात्र डोकं धरून उलट्या काढत बसतात. मनाली दोन हजार मीटरला, काझा ३६०० च्या वर, मधली ‘कुंझुम ला’ ही खिंड तर साडेचार हजारांच्याही वर. शरीराला उंचीची सवय व्हायला टाइमच मिळत नाही.

त्यापेक्षा शिमला, नारकंडा, रामपूर करत सतलजच्या काठाने किन्नौरमधल्या कल्पाला जा. दिवस जास्त लागतात, लागू देत. कल्पा साधारण २९०० मीटर, तिथे दोन रात्री काढल्या तर उत्तम. पुढे नाको लागतं, तळं मस्त आहे, पण गाव ३६०० च्या वर, त्यामुळे तिथे थांबा, चहा प्या, फोटो काढा आणि झोपायला खाली ताबोला या. ३००० च्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मा त्रास वाचतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर निघण्याआधीच डॉक्टरला विचारा, सल्फाची ऍलर्जी असेल तर नक्कीच. आणि कोणी चालताना झोकांड्या द्यायला लागला तर सकाळी बघू वगैरे नाही, लगेच खाली न्यायचं.

या रूटला भारतीयांना परमिट लागत नाही. टाकी रेकाँग पिओच्या (कल्पाच्या खालचं गाव) आसपास फुल, काझात परत फुल, कारण तिथून मनालीपर्यंत भरवसा नाही. कॅश जवळ ठेवा. कुंझुमच्या अलीकडचं लोसर गाव सोडलं की नेटवर्क विसरा, घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे ते उगाच घाबरत नाहीत.

आता खरी परीक्षा. कुंझुम उतरून बातल, मग छत्रू, ग्रामफू. हा पास साधारण जून ते ऑक्टोबरच उघडा असतो, निघायच्या आदल्या दिवशी काझात टॅक्सीवाल्यांना विचारा, त्यांच्याइतकी ताजी खबर कुणाकडेच नसते. या पट्ट्यात नाले थेट रस्त्यावरून वाहतात. रात्री थंडीने बर्फ कमी वितळतो म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं असतं, आणि ऊन चढलं की दुपारी तोच नाला गुडघ्याच्या वर. म्हणून काझाहून पहाटेच निघा.

नाल्यात लगेच गाडी घालायची नाही. थांबा, समोरची गाडी कुठून जाते ते बघा. जिथे पाणी खळखळतंय तिथे बहुतेक उथळ असतं, शांत आणि गडद दिसतं तिथे खोल. बाइकवर मागच्याला उतरवा, पहिला गिअर, रेस एकसारखी, मधेच क्लच दाबायचा नाही आणि नजर समोरच्या काठावर, पाण्याकडे बघत बसलात की तोल गेलाच. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारत बसू नका, पाणी आत गेलं असेल तर इंजिनचं वाटोळं होतं, ढकलून बाहेर काढा.

पाणी जास्त वाटलं तर बातलच्या ढाब्यावर रात्र काढा आणि सकाळी परत बघा. त्यासाठी एक दिवस हातात हवा, तेव्हा परतीचं तिकीट मनालीला पोचण्याच्या दिवसाचं काढूच नका.