जुना डीएसएलआर वापरात ठेवताना

नवे मॉडेल आले की हातातला कॅमेरा अचानक अपुरा वाटू लागतो. पण त्याआधी साधा हिशेब करावा. 2008 साली आलेल्या निकॉन डी700 ची प्रतिमा 4256 गुणिले 2832 पिक्सेलची असते, म्हणजे 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) छापल्यास सुमारे 14 बाय 9 इंचांचा स्वच्छ प्रिंट मिळतो, आणि घरच्या अल्बमला त्याहून अधिक क्वचितच लागते. व्हिडिओ हवा असेल तर मात्र हा कॅमेरा निरुपयोगी आहे, कारण त्यात ती सोयच नाही.

जुन्या कॅमेऱ्याला खरा धोका असतो तो आपल्याकडच्या पावसाळ्याचा. दमट हवेत, त्यातही चामड्याच्या बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती काचेवरचे लेपन कायमचे खराब करू शकते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे निळे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा, आकडा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राखावा आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर परतून पुन्हा कोरडे करावेत (स्वयंपाकाची कढई मात्र त्यासाठी वापरू नये).

कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, म्हणजे अशा कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड, घालताना ते सरळ सरकवावे. अडले तर जोर न लावता बाहेर काढून टॉर्चने आत पाहावे, कारण खाचेतली एखादी बारीक पिन वाकली की दुरुस्ती महागात पडते.