अखालत्सिखेला जाताय? मग एक रात्र तिथेच मुक्काम करा

जॉर्जियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी तिबिलिसी, काझबेगी करून परत येतात, आणि दक्षिणेला गेलीच तर वार्द्झियाच्या गुहा बघायला जाताना अखालत्सिखे या गावात तासभर थांबून किल्ल्यासमोर फोटो काढतात की निघाली. माझं म्हणणं, एक रात्र राहाच.

तिबिलिसीच्या दिदुबे स्टँडवरून मार्श्रुत्का मिळते, म्हणजे शेअर मिनीबस, साधारण २०० किमी, साडेतीन तास धरून चला. सकाळचीच पकडा आणि उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांच्या वेळा तिथेच विचारून ठेवा, संध्याकाळी उशिरा गाडी मिळेलच असं नाही. कॅश लारी (तिथलं चलन) जवळ असू द्या.

गावातल्या राबाती किल्ल्याचा खालचा भाग फुकट आहे, वरच्या भागाला तिकीट आहे आणि ते काढाच, कारण १७५२ची अहमदिये मशीद, इथल्या जुन्या राज्यकर्त्या जाकेली घराण्याचा वाडा आणि म्युझियम सगळं वरतीच आहे. २०१२ला किल्ल्याचं काम करून तो इतका चकाचक केलाय की काही कोपरे सरळ सिनेमाच्या सेटसारखे वाटतात, मला तर ते कारंजी-बिरंजी प्रकरण जरा जास्तच वाटलं. पण बुरुजावरून दिसणारं गाव मस्तच, आणि संध्याकाळी लाइट लागल्यावर तर विचारूच नका.

खरं जुनं गाव किल्ल्याच्या बाहेर आहे. लाकडी गॅलरीची घरं, उतरणीच्या गल्ल्या, आणि एकाच वस्तीत सिनेगॉग, आर्मेनियन कॅथलिक चर्च, मशीद! ऑटोमन तुर्कांचं राज्य इथे १८२८पर्यंत होतं, मग रशियन आले. आसपासच्या गावांतल्या मेस्खेती तुर्कांना तर १९४४मध्ये स्टालिनने एका झटक्यात मध्य आशियात हाकललं, हे माहीत असलं की या भागात फिरताना नजर बदलते. बूट ग्रिपवाले घाला, दगडी रस्ते आहेत.

व्हेज असाल तर लोबियानी (राजम्याचं सारण भरलेली रोटी) आणि वांग्याची अक्रोडवाली बद्रिजानी मागवा. इथल्या खिंकालीत (मोमोसारखा प्रकार) सुकवलेलं मांस असतं, त्यामुळे आधी विचारा. तेनिली चीज मात्र चुकवू नका, धाग्याधाग्याचं असतं, याच भागातलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवून वार्द्झिया करा, अंदाजे ६० किमी, वाटेत खेर्तविसीचा किल्ला लागतो. साफारा मठ वेगळ्या दिशेला आहे पण गावापासून जवळ, भित्तिचित्रं सुंदर आहेत, वेळ असेल तर तोही त्याच टॅक्सीवाल्याशी बोलून घ्या. थांबायचे पैसे धरून एकूण किती ते आधीच ठरवा, आणि थंडीत जात असाल तर जाड जॅकेट हवंच.