स्पार्कस्टेशनला त्याचा मूळ क्रमांक परत कसा द्यावा

माझ्या कपाटात १९९७ सालची लॅबची वही अजून आहे. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सव्वीस वर्षं लॅब असिस्टंट होते. प्रत्येक मशीनचा इथरनेट क्रमांक, म्हणजे नेटवर्कवर ते ओळखायचा त्याचा स्वतःचा क्रमांक, मी त्या वहीत लिहून ठेवायचे. पुढे सगळी लॅब भंगारात निघाली, तेव्हा सन कंपनीची दोन स्पार्कस्टेशन ५ (त्या काळातली वर्कस्टेशन) मी किलोच्या भावाने घरी आणली. आज दोन्ही चालतात.

या मशिनांशी पुण्याचं नातं आहे. १९८२ मध्ये सन कंपनी काढणाऱ्या चौघांतले विनोद खोसला जन्माने पुण्याचे. सी-डॅकने १९९८ मध्ये उभारलेला परम १०,००० हा महासंगणक सनच्याच अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर चालायचा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, भंगारवाल्यांना सांगून ठेवा. मशीन दिसलं तर झाकण उघडून रॅम आणि डिस्क अडकवायच्या पट्ट्या आहेत ना, ते बघा. पीसीची रॅम यात चालत नाही. कीबोर्ड आणि मॉनिटर नसले तरी बिनधास्त घ्या.

घरी आणल्यावर प्लग लावायची घाई करू नका. माझं पहिलं मशीन चार पावसाळे गोदामात पडून होतं. मी ते थेट चालू केलं आणि पॉवर सप्लायमधला मोठा कॅपॅसिटर फुटला. बोर्ड वाचला, पण तसा सप्लाय मिळायला चौदा महिने लागले. म्हणून आधी ब्रशने धूळ काढा, फुगलेले किंवा ओलसर कॅपॅसिटर दिसतात का बघा. मग फेजच्या वायरीत १०० वॉटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या; एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सप्लायच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. तिथे बोट घालू नका.

कीबोर्ड जोडलेला नसला की मशीन आपोआप सिरियल पोर्ट ए वर बोलतं: ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. तपकीर गल्लीतून २५ पिनांचा मेल आणि ९ पिनांचा फिमेल कनेक्टर आणा आणि तीनच तारांना डाग द्या: २ ला २, ३ ला ३, ७ ला ५. तारा उलटसुलट करायच्या नाहीत, कारण २५ पिनांत पाठवायची पिन २ असते आणि ९ पिनांत घ्यायची पिन २. दुसऱ्या टोकाला यूएसबी कन्व्हर्टर आणि लॅपटॉप.

डिस्कचं थोडक्यात सांगते. मूळ स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क कुरकुरत असेल तर ब्लूस्कझीसारखा मेमरी कार्डाचा बोर्ड लावा. आत ८० पिनांचा सॉकेट आहे, त्यामुळे ८० ते ५० पिनांचा अडॅप्टर लागेल. बूट डिस्कचा स्कझी क्रमांक ३ ठेवा. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम अजूनही या मशीनवर चालते.

आता मुख्य काम. चालू केल्यावर 'आयडीप्रॉम इनव्हॅलिड', म्हणजे मशीनची ओळख साठवलेली माहिती बिघडली आहे, असा मेसेज येईल. घाबरू नका. बोर्डवरच्या एम४८टी०८ या चिपमध्ये घड्याळ, सेटिंग आणि इथरनेट क्रमांक असतो. तिच्यातच गाडलेला लिथियम सेल दहाएक वर्षांत संपतो, आणि मशीन आपला क्रमांक विसरतं. चिप सॉकेटात असते, अलगद उचलून काढा. वर स्टिकर असेल तर आधी फोटो काढा. वरचा काळा थर बारीक कानशीने घासत सेलच्या पट्ट्या उघड्या करा. मेलेला सेलही बहुधा थोडं व्होल्टेज दाखवतो, त्यावरून मल्टिमीटरने प्लस-मायनस ओळखा. मग जुन्या सेलची पट्टी कापाच, नाहीतर तो नवा सेल पिऊन टाकतो. सीआर२०३२ च्या होल्डरच्या दोन तारा डाग देऊन जोडा.

चिप परत बसवून 'ओके' प्रॉम्प्टवर (मशीन 'ok' छापून आज्ञेची वाट बघतं तिथे) 'सेट-डिफॉल्ट्स' द्या. आता ० ते एफ अशा सोळा जागा एमकेपी (mkp) कमांडने भरायच्या; सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. आधी किंमत, मग जागा. जागा ० मध्ये १. जागा १ मध्ये मशीनचा प्रकार, स्पार्कस्टेशन ५ साठी ८०. पुढच्या सहा जागांत इथरनेट क्रमांक, दर जागेत त्याची एक जोडी. सनचा तो ८, ०, २० ने सुरू होतो. मग चार जागा तारखेच्या, तिथे शून्य चालतं. नंतरच्या तीन जागांत इथरनेट क्रमांकाच्याच शेवटच्या तीन जोड्या. सोळाव्या जागेत आधीच्या पंधरांचा एक्सऑर (बिटाबिटाने 'वेगळे तर १, सारखे तर ०' असा हिशेब). तो हाताने करताना दोनदा तपासा. एक आकडा चुकला तरी तोच मेसेज परत येतो.

कुठलाही क्रमांक टाकला तरी मशीन चालेल. पण मूळ क्रमांक शोधायचा प्रयत्न करा: जुन्या डिस्कवरच्या लॉगमध्ये, कुणाच्या तरी वहीत. माझ्या दुसऱ्या मशीनचा क्रमांक वहीच्या अकराव्या पानावर सापडला, आणि तो पडद्यावर उमटला तेव्हा मला लॅबमधली खिडकीजवळची त्याची जागासुद्धा आठवली. क्रमांक बसला की कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. सेल पुन्हा संपेल तेव्हा झाकण उघडणाऱ्याला तो लागणार आहे.